श्रीलंका बुडाली कशाने: चीन, खत की टॅक्स? आणि बिल कोणी भरलं?

जुनी_स्कूटर (धागाकर्ता)

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक फॉरवर्ड येतो, "फुकट वाटलं की श्रीलंका होते", खाली कोलंबोत राष्ट्रपती भवनाच्या स्विमिंग पूलमध्ये डुंबणाऱ्या लोकांचा फोटो. पाठवणारे काका ठरलेले, त्यांना अंगठा देणारेही ठरलेले. मागच्या वेळी मी विचारलं की काका नक्की काय फुकट वाटलं होतं हो, तर म्हणाले गूगल कर. म्हटलं चला करूया. गेले तीन आठवडे वाचतोय आणि जे कळलं ते फॉरवर्डच्या जवळपास उलटं निघालं, म्हणून हा धागा.

२०१९ च्या नोव्हेंबरात गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि आल्या आल्या टॅक्स कापले. व्हॅट १५ वरून ८ टक्के. राष्ट्रउभारणी कर म्हणून २ टक्क्यांचा एक होता तो गायब. पगारातून कापला जाणारा कर बंद. व्हॅटसाठी नोंदणी करायची मर्यादा वर्षाला १ कोटी २० लाखाच्या उलाढालीवरून थेट ३० कोटी (श्रीलंकन रुपये, पुढेही सगळीकडे तेच धरा). म्हणजे मधल्या आकाराचे सगळे धंदेवाले एका झटक्यात करमुक्त. हे फुकट वाटणंच झालं ना? फक्त ज्यांना वाटलं ते गरीब नव्हते. २०२० मध्ये सरकारची कराची कमाई जीडीपीच्या साधारण ८ टक्क्यांवर आली, एवढ्यात कुठलंच सरकार चालत नाही.

२०१९ च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले होते, त्यात अडीचशेच्या वर लोक गेले आणि टुरिझम आधीच झोपलं होतं, वरून कोव्हिड. रेटिंग एजन्सींनी देशाचं रेटिंग (म्हणजे कर्ज फेडायची पत) खाली आणलं आणि बाहेरच्या बाजारात नवीन कर्ज मिळेना. जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज काढायचं हे जे चक्र होतं ते तिथेच थांबलं.

माझं म्हणणं एवढंच की खड्डा वरच्यांनी खणला आणि भरला खालच्यांनी. खोडून काढा, जाणकारांनी भर घाला.

---

पाटावरवंटा

मुद्दा चांगला आहे पण चीन कुठे गेला? हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चीनला दिलं, विमान न येणारा मट्टला विमानतळ बांधला, हे सगळं हवेत होतं का? कर्जाचा सापळा म्हणतात तो हाच.

---

हिशेबनीस

पाटावरवंटा, हा मुद्दा दर वेळी येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंदर दिलं २०१७ मध्ये, एका चिनी कंपनीला, ११२ कोटी डॉलरला. म्हणजे बुडायच्या पाच वर्षं आधी. आणि त्या पैशातून बंदराचं कर्ज फिटलं असं आपल्याला वाटतं, ते तसं नाही. पैसे परकी गंगाजळीत (म्हणजे देशाच्या डॉलरच्या साठ्यात) गेले, बंदराचं कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. चीनचा एकूण परदेशी कर्जातला वाटा तुम्ही काय काय मोजता त्यावर १० ते २० टक्के भरतो. कमी नाही, पण सगळ्यात मोठा ढीग होता तो बाजारातल्या डॉलर बाँडचा, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदारांना विकलेल्या कर्जरोख्यांचा. पहिला बाँड २००७ मध्ये, ५० कोटी डॉलरचा. मग चटक लागली. जपानचं किंवा जागतिक बँकेचं कर्ज कसं असतं, व्याज नाममात्र आणि फेडायला २५-३० वर्षं. बाँडचं व्याज ६-७-८ टक्के आणि मुदत संपली की सगळी मुद्दल एका दिवशी द्यायची. बंदरातून, रस्त्यांतून पैसे येणार वीस वर्षांनी, द्यायचे दहाव्या वर्षी. घरकर्ज क्रेडिट कार्डवर काढलं तर काय होईल तेच.

चिनी प्रकल्पांत खाबूगिरी झाली नाही असं मी म्हणत नाहीये, मट्टलाचं समर्थन कोणीच करू शकत नाही. पण एप्रिल २०२२ ला सरकारने परदेशी कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले तेव्हा परदेशी कर्ज ५,१०० कोटी डॉलर होतं, त्यात सगळ्यात टोचत होते ते बाँडच.

---

बांधावरून

खताबद्दल मी लिहितो कारण हा आपला प्रांत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये ठरलं की रासायनिक खत आणि पिकांवर मारायची औषधं यांची आयात बंद, देश शंभर टक्के सेंद्रिय. जाहीरनाम्यात लिहिलं होतं दहा वर्षांत करू, आणि केलं एका रात्रीत! जगभर टाळ्या पडल्या. शेतकरी मात्र बोंबलत होते आणि शेती खात्यातले जाणकारही सांगत होते की असं होत नसतं. भाताला नत्र लागतं, ते शेणखतातून द्यायचं तर किती गाड्या लागतील आणि तेवढी गुरं कुठून आणायची याचं गणित कोणी मांडलं नाही.

आता यातली खरी मेख बघा. हे पर्यावरणाच्या प्रेमापोटी होतं असं मला बिलकुल वाटत नाही. खताच्या आयातीवर वर्षाला साधारण ४० कोटी डॉलर जायचे आणि डॉलर संपत आले होते. वर २००५ पासून भात पिकवणाऱ्याला ५० किलोची गोणी ३५० रुपयाला देत होते, बाकीचा खर्च सरकारचा. पंधरा वर्षं स्वस्त खताची सवय लावायची आणि मग अचानक पाट ओढून घ्यायचा. सबसिडी हळूहळू कमी केली असती, माती तपासून टप्प्याटप्प्याने सेंद्रियकडे वळवलं असतं तर मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या, माझी तीन एकर मी तशीच वळवली आणि नीट उत्पन्न यायला चार वर्षं गेली. ती चार वर्षं घरात नोकरीचा पगार येत होता म्हणून निभावलं.

नोव्हेंबर २०२१ पर्यंत बंदी मागे घेतली पण तोवर मुख्य हंगाम, ज्याला तिकडे महा म्हणतात, त्याची पेरणी होत आली होती. भात जवळजवळ चाळीस टक्क्यांनी पडला. चहालाही फटका बसला, आणि चहा म्हणजे त्यांचे डॉलर. मग तांदूळ आयात करा, शेतकऱ्यांना भरपाई म्हणून ४,००० कोटी रुपये जाहीर करा. ४० कोटी डॉलर वाचवायला गेले आणि हे झालं. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला.

---

एक_शंका

खूप छान चर्चा. मला अर्थशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही म्हणून बाळबोध प्रश्न, डॉलर "संपतात" म्हणजे काय होतं? नोटा छापता येतात ना आपल्या आपल्या?

---

हिशेबनीस

बाळबोध अजिबात नाही, त्यांच्या सेंट्रल बँकेलाही हाच प्रश्न पडला होता आणि उत्तर चुकलं :-)

रुपये छापता येतात, डॉलर छापता येत नाहीत. आणि पेट्रोल, गॅस, औषधं, दूध पावडर सगळं डॉलरमध्ये येतं. टॅक्स कापल्याने तिजोरीत आलेली तूट सेंट्रल बँकेने सरकारचे रोखे विकत घेऊन भरली, म्हणजेच छापून. बाजारात रुपये वाढले, माल तेवढाच, डॉलर उलट कमी. अशा वेळी रुपयाचा भाव पडायला हवा. पण पडला तर सरकारची अब्रू जाते म्हणून २०२१ च्या सप्टेंबरपासून डॉलरला साधारण २०० रुपये असा धरून ठेवला.

आता आखातात घरकाम करणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवा. बँकेतून पैसे पाठवले तर डॉलरला २०० मिळणार, उंडियलवाला (हो, आपली हुंडीच, तिकडे उंडियल म्हणतात) त्याहून भरपूर जास्त देतो. ती कोणाकडे जाईल? २०२० मध्ये बाहेरून घरी येणारे पैसे ७१० कोटी डॉलर होते, २०२१ मध्ये ५५० कोटी. लोकांनी पाठवायचं बंद केलं नव्हतं, बँकेतून पाठवायचं बंद केलं होतं. गंगाजळी २०१९ च्या शेवटी ७६० कोटी डॉलर होती, मे २०२२ मध्ये अर्थमंत्री सांगत होते की वापरता येण्यासारखे ५ कोटीसुद्धा नाहीत.

आणि कहर म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये औषधांना पैसे नसताना ५० कोटी डॉलरचा बाँड वेळेवर फेडला! कशाला, तर आम्ही कधी कर्ज बुडवलं नाही हे दाखवायला. ते पैसे हातात ठेवून तेव्हाच कर्ज देणाऱ्यांशी बोलणी केली असती तर काही महिने श्वास घेता आला असता. मार्चमध्ये शेवटी रुपया सोडला आणि दोन महिन्यांत डॉलर ३६० च्या आसपास गेला.

---

दक्षिणकाठ

मी बहुतेक वेळा वाचनमात्र असतो पण या धाग्यावर गप्प बसवत नाही. २०१८ ते २०२३ कोलंबोजवळ देहिवळाला राहिलो, कपड्यांच्या एक्स्पोर्टमध्ये नोकरी होती.

लोक आकडे लिहितात, मला फक्त रांग आठवते. सिंहलीत रांगेला पोलिम म्हणतात. २०२२ मध्ये पहिला प्रश्न "कसे आहात" नसायचा, "पोलिम कुठे आहे" असायचा. गॅसची वेगळी, रॉकेलची वेगळी, दूध पावडरची वेगळी आणि पेट्रोल शेडची तर किलोमीटरभर (पंपाला तिकडे शेड म्हणतात). मी ज्या थ्री-व्हीलने ऑफिसला जायचो तो अय्या, म्हणजे मोठा भाऊ, सिंहलीत कोणालाही असंच म्हणतात, तो दोन रात्री रिक्षातच झोपायचा. दोन दिवस रांगेत आणि मग मिळालेल्या पेट्रोलवर एक दीड दिवस धंदा. मार्चमध्ये तर रांगेत उभी राहिलेली म्हातारी माणसं गेली. पेट्रोल डिसेंबर २०२१ ला १७७ होतं, जूनच्या शेवटी ४७०, आणि ४७० देऊनही नाही, कारण जूनच्या शेवटी अत्यावश्यक सेवा सोडून सगळ्यांना विक्रीच बंद केली. पुढे क्यूआर कोड आला, मोटरसायकलला आठवड्याला ४ लिटर, थ्री-व्हीलला ५. पाच लिटरमध्ये रिक्षा आठवडाभर कशी चालवायची हे मला अजून कळलेलं नाही. पण खरं सांगतो, त्या कोडमुळे रांगा मात्र ओसरल्या, सगळ्या गोंधळात सरकारने धड केलेली ती एक गोष्ट.

मार्चअखेरीला १३ तास वीज नव्हती. कागद नाही म्हणून कोलंबोकडच्या शाळांच्या परीक्षा बेमुदत पुढे ढकलल्या. एक गोष्ट बारीक आहे पण लिहितोच. तिथे संध्याकाळी थ्री-व्हीलमधून पाव विकणारा येतो, चून पान म्हणतात, पान म्हणजे पाव, आपल्यासारखाच पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. लांबून त्याची धून वाजत येते. पेट्रोल आटल्यावर ती धून बंद झाली. आमच्या घरमालकीण आंटी रोज साडेचारला सवयीने गेटपाशी जाऊन उभ्या राहायच्या.

आणि ते पूलवाले लोक, जे फॉरवर्डमध्ये चेष्टेला येतात. ९ जुलैला पेट्रोल नसताना ट्रेनने, ट्रकने, सायकलने, पायी आलेले लोक होते ते. ३१ मार्चला गोटाबायांच्या घरासमोर आंदोलन सुरू झालं, मग गॉल फेसवर (कोलंबोतलं समुद्रकाठचं मैदान) तंबू, गावाचं नाव गोटागोगामा, म्हणजे गोटा घरी जा गाव. बहुतेक पोरं २५ च्या आतली. १३ जुलैला साहेब विमानाने मालदीवला, तिथून सिंगापूर, आणि राजीनामा तिथून पाठवला.

---

पाटावरवंटा

दक्षिणकाठ, काटा आला वाचताना. चीनचा मुद्दा अर्धा मागे घेतो, मट्टलाचा नाही घेणार.

---

सडेतोड

सगळे एकमेकांची पाठ थोपटतायत म्हणून जरा काडी टाकतो. "फुकट वाटलं नव्हतं" हे सोयीचं सत्य आहे. २ कोटी २० लाखांच्या देशात सैन्य धरून १५ लाखाच्या आसपास सरकारी नोकर. २०२० मध्ये तर निवडणुकीच्या तोंडावर एक लाख अकुशल लोकांना सरकारी नोकरी द्यायची योजना काढली. वीज वर्षानुवर्षं खर्चापेक्षा कमी दराने, पेट्रोल तसंच, सरकारी विमान कंपनी दरवर्षी तोट्यात. हे फुकट नाही तर काय? काकांचा फॉरवर्ड अडाणी असेल पण शंभर टक्के चूक नाहीये.

---

जुनी_स्कूटर

सडेतोड, नोकरभरतीचा आणि विमान कंपनीचा मुद्दा मान्य, मी तो मुद्दाम टाळला नव्हता पण टाळला गेला खरा. फक्त एक बघा. काका ज्याला फुकट म्हणतात ते म्हणजे शाळा आणि दवाखाना. श्रीलंकेत मोफत शिक्षण १९४५ पासून आहे, मोफत सरकारी दवाखाने जवळपास तितकेच जुने. त्याने देश बुडायचा असता तर सत्तर वर्षं वाट बघत बसला नसता. उलट त्याच्या जोरावर साक्षरता आणि बाळंतपणातले मृत्यू या बाबतीत ते आपल्या कितीतरी पुढे राहिले. विमान कंपनीचा तोटा हा कुठल्या गरिबाच्या ताटात गेला ते मात्र मला सापडलं नाही.

---

सडेतोड

ठीक. पण स्वस्त वीज श्रीमंतांच्या एसीलाही मिळत होती आणि ती बंद करणं भाग होतं, एवढं तरी म्हणा.

---

दक्षिणकाठ

बंद करणं भाग होतं, पण कशी केली ते ऐका. ऑगस्ट २०२२ ला सरासरी ७५ टक्के वाढ, नऊ वर्षांतली पहिली, परत फेब्रुवारी २०२३ ला ६६ टक्के. पहिल्या वाढीत टक्क्यांत बघितलं तर सगळ्यात जास्त वाढ सगळ्यात कमी युनिट जाळणाऱ्यांची होती, म्हणजे दोन बल्ब आणि एक पंखावाले. एसीवाल्याला बिल दुखलं, पंखावाल्याने पंखा बंद केला. आंटींनी फ्रिज बंद करून त्यात भांडी ठेवायला सुरुवात केली होती, विनोद नाही, खरंच.

रॉकेल तर विचारू नका. ऑगस्टमध्येच लिटरला ८७ चं ३४० केलं, एका रात्रीत. रॉकेलवर कोण जगतं, तर चहाच्या मळ्यातल्या लाईनीत (मजुरांच्या ओळीने बांधलेल्या खोल्या) राहणारे तमिळ मजूर आणि छोट्या बोटीवाले कोळी, त्यांची इंजिनं रॉकेलवर चालतात. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मी स्वतः बघितल्यात. मळ्यातल्या बाईची रोजची मजुरी तेव्हा १,००० रुपये होती, ती मिळवायला २०२१ पर्यंत भांडावं लागलं होतं. सप्टेंबरला महागाई जवळपास ७० टक्के, खाण्यापिण्याची जवळपास ९५.

---

हिशेबनीस

बिल कोणी भरलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कोणी अजून लिहिलं नाही, पीएफ.

मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने (आयएमएफ) साधारण ३०० कोटी डॉलरचं, चार वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायचं कर्ज मंजूर केलं. अट अशी की कर्जाचा डोंगर कमी करा, बाहेरचाही आणि घरातलाही. घरातलं कर्ज म्हणजे सरकारी रोखे, ते कोणाकडे? बँकांकडे, श्रीमंतांकडे आणि कामगारांच्या ईपीएफकडे. २०२३ च्या उन्हाळ्यात ठरलं की बँकांना हात लावायचा नाही, बँका कोसळतील, त्या आधीच कर भरतात वगैरे. पीएफ फंडांना सांगितलं जुने रोखे देऊन कमी व्याजाचे, लांब मुदतीचे नवे घ्या, नाही घेतले तर कमाईवरचा कर १४ वरून ३० टक्के. याला ऐच्छिक म्हणतात! म्हणजे कपड्याच्या फॅक्टरीत वीस वर्षं मशीन चालवलेल्या बाईच्या म्हातारपणच्या पैशावर कात्री. टॅक्स कपातीचा फायदा झालेल्यांकडून मागच्या तारखेने कोणी काही मागितलं नाही. व्हॅट १२, मग १५ आणि जानेवारी २०२४ पासून १८, म्हणजे कापायच्या आधीपेक्षाही वर.

बँका खरंच कोसळल्या असत्या का? थोड्याफार धोक्यात होत्या हे मान्य, पण भार वाटून घेता आला असता असं म्हणणारे तिथले अर्थतज्ज्ञही होते.

---

बांधावरून

आणि गरिबांना काहीच दिलं नाही का? म्हणजे थेट खात्यात वगैरे?

---

दक्षिणकाठ

दिलं ना. आधी समृद्धी योजना होती, पण ती पक्षाच्या कार्यकर्त्यामार्फत, कोणाला मिळायची आणि कोणाला नाही हे गावाला पाठ. २०२३ च्या जुलैपासून अस्वेसुम आणली, थेट बँक खात्यात. कल्पना चांगली. पण यादी लागल्यावर बोंब, अर्ज, हरकती लाखांनी. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२२ मध्ये गरिबी २५ टक्क्यांवर गेली होती, आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. चौथा माणूस गरीब झाल्यावर यादी कितीही मोठी केली तरी अपुरीच पडणार.

आपल्या देशाबद्दलही सांगतो, २०२२ मध्ये भारताने इंधन, औषधं, धान्य आणि पैशाची मुदतवाढ असं मिळून साधारण ४०० कोटी डॉलरची मदत केली. डिझेलचं जहाज भारतातून निघालं की ऑफिसात मला चहा मिळायचा, जसं काय मीच पाठवलं.

---

एक_शंका

मग शिक्षा कोणाला झाली का? की आपल्यासारखंच?

---

हिशेबनीस

नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की राजपक्षे बंधू आणि सेंट्रल बँकेचे माजी गव्हर्नर वगैरे मंडळी या संकटाला जबाबदार आहेत, जनतेचा विश्वासघात केला. आणि दंड? अर्जदारांना कोर्टखर्चाचे दीड-दीड लाख रुपये. रुपये हो, डॉलर नाहीत.

---

सडेतोड

दीड लाख!! देश विकायचा म्हणजे रेट फारच परवडणारा आहे.

---

जुनी_स्कूटर

लोकांनी मतपेटीत हिशेब केला म्हणा. मागच्या संसदेत २२५ पैकी ३ जागा असलेली आघाडी, तिचे अनुरा कुमार दिसानायके सप्टेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष झाले आणि नोव्हेंबरात त्यांना १५९ जागा. पण नाणेनिधीचा करार त्यांनीही मोडला नाही, थोडंफार मऊ करून तोच चालवतायत. निवडणुकीत जे बोलले त्याच्याशी ते कितपत जुळतं हा वेगळा धागा होईल.

बाय द वे धाग्याची लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली. काकांनी विचारलं, एवढं वाचायला वेळ कोणाला आहे.

---

एक_शंका

अवांतर विचारतो, दक्षिणकाठ, त्या पाववाल्याची धून कुठली होती? आणि तो परत आला का?

---

दक्षिणकाठ

बिथोवनची, फर एलिस. तिथे बहुतेक पाववाल्यांची तीच, त्यामुळे तिथल्या पोरांना बिथोवन म्हणजे पाववाला.

आमच्या गल्लीत आला परत, मी निघायच्या थोडं आधी. बॅटरी उतरल्यामुळे धून जरा रडत वाजत होती. आंटी दोन पाव घ्यायच्या त्याऐवजी एक घेतला आणि हातावर ठेवून बघत म्हणाल्या, अरे हा बारीक झाला. तो म्हणाला, आंटी, तुम्हीपण.